बाई आणि अंधुक स्क्रीन

पेणमध्ये बाईंना ‘तुमचं चुकतंय’ असं तोंडावर सांगणारा माणूस त्या काळात तरी जन्माला आला नव्हता. बँकेच्या मॅनेजरपासून रिक्षावाल्यापर्यंत सगळ्यांनी त्यांच्याकडे गणित शिकताना हातावर छडी खाल्लेली. निवृत्त झाल्यावर स्वस्थ बसतील तर त्या बाई कसल्या! त्यांनी पेणला आणि रोह्याला कॉम्प्युटरचे क्लास काढले, आणि जुना विद्यार्थी म्हणून मला मदतीला धरलं. धरलं म्हणजे धरलंच. मला कोणी विचारलं नव्हतं.

तेव्हा सगळीकडे कॉपी केलेलं विंडोज चालायचं. बाईंना ते मंजूर नव्हतं. “चोरीच्या पाटीवर मी पाढे शिकवणार नाही,” म्हणाल्या, आणि मासिकाबरोबर आलेल्या सीडीवरून कायद्यानेच फुकट मिळणारं लिनक्स टाकून मोकळ्या झाल्या. मशीन अडलं की त्यांचा नियम ठरलेला. “एका वेळी एकच गोष्ट बदला. दोन बदललीत तर गुन्हेगार सापडायचा नाही.”

एक दिवस पेणच्या एकुलत्या एका मशीनचा स्क्रीन त्यांना अंधुक दिसायला लागला. स्क्रीन ठणठणीत होता, बाईंच्या डोळ्यांत मोतीबिंदू पिकला होता. डोळ्यांचा डॉक्टरही त्यांचाच विद्यार्थी. त्याने मला रस्त्यात गाठलं. “ऑपरेशनचा ‘ऑ’ काढला तर मला सतराचा पाढा म्हणायला लावला रे! पण अजून उशीर झाला तर नजर जाईल. तू समजाव.” मी कसला समजावतोय! बाईंच्या आईचा डोळा असल्याच ऑपरेशनात गेला होता. कशालाही न भिणाऱ्या बाई तेवढ्याला भीत होत्या, म्हणून सगळा दोष मशीनला.

ब्राइटनेसचं बटण शेवटपर्यंत फिरवून झालं. काच पुसून झाली, स्टॅबिलायझर बदलून झाला. मग स्क्रीन उजळवणारा गामा नावाचा एक आकडा असतो, तो बाई रोज थोडा थोडा वाढवायला लागल्या. अक्षरं चुन्यात बुडवल्यासारखी पांढरी पडली, आमचे डोळे चुरचुरायला लागले. “आता कसं आहे?” बाई विचारायच्या. धरमतरकडच्या मिठागरवाल्यांची सून संगीता आमच्याकडे शिकायला यायची. ती पदराने डोळे पुसत म्हणायची, “आता बरा हाय, बाई.”

रोह्याला जाताना तर कहरच झाला. पॅसेंजर रोह्याच्या अलीकडच्या निडीला थांबली आणि बाई तडक खाली उतरल्या. हे रोहा नाही, असं म्हणायची माझी छाती कुठली? मीही उतरलो. गाडी निघून गेली. बाईंनी इकडेतिकडे पाहिलं.

“आज स्टेशन इतकं सामसूम का रे?”

“निडी आहे, बाई.”

“मग तू कशाला उतरलास, गाढवा?”

शेवटी रोह्याच्या क्लासचा मॉनिटर गोधडीत गुंडाळून, मांडीवर घेऊन मी पेणला आणला. तोही बाईंना अंधुकच दिसला. मग वायर बदलली, मग मशीनमधलं चित्राचं कार्ड बदललं. बाई स्क्रीनसमोर बसून बोटांवर मोजायला लागल्या. हळूच म्हणाल्या, “मॉनिटर बदलला. वायर बदलली. कार्ड बदललं. राहिले ती मीच.” मग त्या वळल्या. “संगीता, खरं सांग. तुला दिसतंय?”

संगीताने माझ्याकडे पाहिलं. मी होकाराची मान हलवली.

“दिसतंय, बाई.”

बाई उठल्या. “चल रे, त्या डॉक्टरकडे. आणि माझा हात धर. मला भीती वाटते.” इतक्या वर्षांत बाईंनी माझ्याकडे काही मागितलं ते तेवढंच. मी हात घट्ट धरला.

ऑपरेशन छान झालं. काही आठवडे क्लास बंदच होता, मग काळा चष्मा लावून बाई ऐटीत क्लासमध्ये आल्या. मशीन चालू केलं, चष्मा काढला आणि दचकून मागेच सरल्या. “अगंबाई! केवढं हे भगभगतंय!”

“तुम्हीच केलंय, बाई,” मी म्हणून गेलो.

त्यांनी आमच्या सगळ्यांच्या तोंडाकडे पाहिलं. आता चेहरे त्यांना स्वच्छ दिसत होते. “इतके दिवस तुम्ही यावर शिकत होतात? आणि कोणी बोललं नाही? मला एवढे घाबरता?”

“पयलं घाबरायचो,” संगीता म्हणाली. “मंग नाय. तेवढ्या उजेडात तुम्हाला जरा तरी दिसायचा ना, बाई.”

डोळ्यांत पाण्याचा थेंबही येता कामा नये, अशी डॉक्टरची सक्त ताकीद होती. बाईंनी ती पाळली नाही.