इंजिन ऐकणारा ओलिंतो

सांतो आंद्रेत एखादी फुस्का गाडी धापा टाकायला लागली की लोक अजूनही म्हणतात, "ओलिंतोला ऐकव." दाखव नव्हे, ऐकव. ओलिंतो ब्रेसानने पंचेचाळीस वर्षं त्या गोलमटोल, पाठीत इंजिन असलेल्या गाड्या ऐकण्यातच घालवली. लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक इंजिनाला टेकवायचं, मूठ कानामागच्या हाडाला, डोळे मिटायचे आणि सांगायचं, "तिसऱ्या सिलिंडरचा व्हॉल्व्ह." उघडून बघावं तर तिसऱ्याचाच निघायचा. आता त्याचं वय एकाहत्तर. गुडघे कुरकुरतात, दुकानाचं शटर आठवड्यातून तीनच दिवस वर जातं, पण ती कीर्ती अजून टिकून आहे.

आणि याच माणसाला बायकोचं बोलणं ऐकू येत नव्हतं.

हे फक्त त्यालाच ठाऊक होतं. आधी किटलीची शिट्टी गेली, मग पक्षी गेले, मग हळूहळू बायकोचा, दिर्सेचा, आवाज गेला. जाड आवाज शाबूत राहिले. क्रँकचा ठोका, ट्रकचा घरघराट, पुरुषांच्या गप्पा, सगळं येई. बारीक आवाज तेवढे गेले आणि दिर्सेचा आवाज बारीक. तो तिच्या ओठांकडे बघून निम्मं ओळखायचा आणि उरलेल्या निम्म्याला होकाराची मान हलवायचा. डॉक्टरकडे जाणं म्हणजे गावाला सांगणं, आणि ज्याला ऐकू येत नाही त्याच्याकडे इंजिन ऐकवायला कोण आणणार? म्हणून तो मान हलवत राहिला. या मान हलवण्याचा त्याला इतका शीण आला होता की कधीकधी संध्याकाळी तो कारण नसताना अंधाऱ्या दुकानात बसून राही, कारण तिथे कुणी काही विचारत नसे.

त्याच्याकडे एक उघडी दोन सीटांची गाडी होती. जुन्या जर्मन स्पोर्ट्स गाडीची नक्कल, फायबरची, फुस्काच्या सांगाड्यावर त्याने तिशीत स्वतः बसवलेली, सायीच्या रंगाची. ती खरी आहे असं त्याने कधी कुणाला भासवलं नाही. "नक्कल आहे," तो म्हणायचा, "पण नक्कल माझी आहे." सायलेन्सरच्या जागी जवळजवळ मोकळा पाइप होता. तीत बसलं की शेजारच्याचं काही ऐकू येत नसे, कुणालाच नाही. ओलिंतोला ती गाडी इतकी आवडण्याचं हेही एक कारण होतं. तीत बसला की तो इतरांइतकाच बहिरा असे.

एप्रिलमध्ये गाडीवाल्यांचा मेळावा भरला. या मंडळींचं एक खूळ आहे. इंजिनाभोवतीचे काळे पत्रे आणि कडेची रबरी पट्टी काढून टाकायची, आतलं घासूनपुसून चकचकीत करायचं आणि झाकण उघडून गाडी मैदानात उभी करायची. एकाने केलं की दुसऱ्याच्या पोटात दुखतं. ती पट्टी खालची गरम हवा वर येऊ देत नाही, हवेवर थंड होणारं इंजिन तिच्याच जिवावर जगतं, हे ओलिंतोने शंभर गिऱ्हाइकांना ओरडून सांगितलं असेल. त्या दिवशी त्यानेही पत्रे काढले. लोकांनी वाहवा केली. दुपारी दिर्सेला घेऊन तो तसाच घाट उतरून समुद्रकाठच्या इतान्याएंला तिच्या बहिणीकडे, झुलमीराकडे गेला. पत्रे घरीच, वर्तमानपत्रात गुंडाळलेले.

परतीच्या चढावर, धुक्यात, तिसरं सिलिंडर जळालं. टो-गाडी येईपर्यंत दोघं घाटाच्या कडेला दगडावर बसून होते. तेव्हा दिर्से त्याच्यासमोर उभी राहिली आणि एकेक शब्द सुटा करून म्हणाली, "खालपासून मी तीनदा सांगितलं, जळल्याचा वास येतोय. तीनदा! आणि तू तीनदा मान हलवलीस. इंजिन खोकलं तर तुला गल्लीच्या टोकावरून कळतं, ओलिंतो. बायको बोलली की तुझं लक्ष नसतं. मी या गाडीत परत बसणार नाही."

हे सगळं त्याला ओठांवरून समजलं.

गाडी दुकानात आली, इंजिन सुटं झालं आणि आता ते कोणतं बांधायचं यावर सगळ्या गल्लीला कंठ फुटला. गुरुवारच्या बाजारात उसाच्या रसाच्या गाडीपाशी, हातात गरम, तळलेलं पास्तेल घेऊन पंचायत बसली. औषधाच्या दुकानवाल्या एदिल्सनकडेही अशीच नक्कल गाडी होती, तो चाळिशीचा. जुरांदिर मोटारीच्या कारखान्यातून निवृत्त झालेला, ओलिंतोचा जुना दोस्त.

"काका, एकवीसशे सीसी करा," एदिल्सन म्हणाला. "क्रँक लांब, पिस्टन मोठे, कॅम तिखट. जन्मात एकदा तरी त्या गाडीला गाडीसारखं पळू द्या."

"आणि सिग्नलला काय करायचं?" जुरांदिर म्हणाला. "तिखट कॅमची गाडी उभी राहिली की हिवताप भरल्यासारखी कापते. परवा चर्चसमोर तुझी कापत होती, माझी कवळी हलली."

"तुमची कवळी रेडिओ लावला तरी हलते."

"हलू दे, माझी आहे. ओलिंतो, सोळाशेचं सोळाशे ठेव. नवे पिस्टन टाक न् मोकळा हो. आपल्याला कुठे पळायचंय आता?"

"अहो, मग गाडी घ्यायची कशाला? बाकावर बसा पार्कात!"

ओलिंतो रस पीत राहिला. बाजारात सगळेच ओरडतात, त्यामुळे तिथे त्याला बरं वाटे. खरं उत्तर त्याला पाठ होतं. रस्त्यावरच्या गाडीला किती ताकद झेपेल हे हवा ठरवते. त्या फायबरच्या शेपटीला तळहाताएवढी जाळी. एकवीसशेचं इंजिन त्या जाळीतून श्वास घ्यायला गेलं तर उन्हाळ्यात, गर्दीत, दुसऱ्याच वर्षी तळून निघेल. दुसऱ्या कुणी विचारलं असतं तर त्याने हाकलून दिलं असतं. तरी तो म्हणाला, "एकवीसशे करावं म्हणतोय."

जुरांदिरने पास्तेल खाली ठेवलं. "तू? तू म्हणतोस हे?"

"आवाज भारी येतो," ओलिंतो म्हणाला. ते मात्र खरं बोलला.

त्या रविवारी जेवायला दिर्सेचे भाऊ आले होते. जेवणं झाल्यावर सगळ्यांनी आग्रह केला आणि दिर्सेने पाद्रीबाबांची नक्कल केली, पोटातून काढलेल्या ढोलासारख्या आवाजात, "बंधूंनो, पापी माणसांनो, मोटारी फाटकासमोर लावू नका." सगळे हसले. ओलिंतोही हसला, अगदी डोळ्यांत पाणी येईपर्यंत. पाहुणे गेल्यावर तिने फडक्यातून कॉफी गाळली आणि त्याच्यासमोर येऊन बसली.

"मी म्हणाले होते ना, परत बसणार नाही," ती म्हणाली. "ते मागे घेते. पण एका अटीवर."

"कोणत्या?"

"तो पाइप काढ. मला शेजारी बसून बोलता आलं पाहिजे आणि तुला ऐकू आलं पाहिजे. नाहीतर झुलमीराकडे मी बसने जाईन, एकटी. मरेपर्यंत एकटी जाईन. घरात तुझा टीव्ही चालू असतो, दुकानात इंजिन चालू असतं, गाडीत ते भोंगाड. मी बोलायचं कुठे, सांग मला."

ओलिंतोने मान हलवली.

"मान नको. तोंड उघड."

"करतो," तो म्हणाला.

रात्री त्याला झोप आली नाही. त्याला भीती वाटत होती, साधी, लहान मुलासारखी भीती. इतकी वर्षं आवाजाचा आडोसा होता. आडोसा काढला आणि तरीही ती ऐकू आली नाही, तर मग सांगायचं काय? पुन्हा न ऐकण्याचं ढोंग? तिला वाटणार की आता तर गाडीही गप्प आहे, म्हणजे याला मीच नको आहे. आणि बसने ती खरंच जाईल. दिर्से बोलली की करते.

सकाळी त्याने एदिल्सनने आणून ठेवलेला लांब क्रँक परत पाठवला आणि पावणेअठराशेवर शिक्कामोर्तब केलं. पातळ भिंतीचे सिलिंडर नुसते सरकवून काम होतं, पण ते तापले की वाकडे होतात. त्याने जाड भिंतीचे मागवले आणि त्यांच्यासाठी इंजिनाची पेटी यंत्रावर नेऊन मोठी करून आणली. कॅम सौम्य, कार्ब्युरेटर दोन पण लहान, घाटासाठी तळाला जास्तीचं ऑइल. कारखान्यातून येतो तसा सायलेन्सर. काळे पत्रे वर्तमानपत्रातून काढून एकूण एक परत बसवले आणि नवी रबरी पट्टी बोटाबोटाने दाबत कडेने फिरवली. पूर्वी चार दिवसांत व्हायचं, आता पाच आठवडे लागले. पिस्टनच्या रिंगा बोटांत धरवत नव्हत्या. एक रिंग तीनदा निसटून लादीवर पडली. तिसऱ्यांदा तो तिच्याशेजारीच लादीवर बसला आणि बराच वेळ उठला नाही.

इंजिन पहिल्याच फिरकीला लागलं. स्क्रूड्रायव्हर हाडाला लावून त्याने ऐकलं. चारही ठोके सारखे, मध्ये काही नाही. कित्येक वर्षांत इतकं स्वच्छ काम त्याच्या हातून झालं नव्हतं आणि त्याला आनंद काही झाला नाही. जुरांदिर दारात उभा होता. तो म्हणाला, "चालू आहे का? मला तर कळतच नाहीये." ओलिंतोला वाटलं, आता सुटका नाही.

नव्या इंजिनाचे पहिले पाचशे किलोमीटर त्याने एकट्याने, सावकाश काढले, ऑइल बदललं, बोल्ट पुन्हा आवळले. मग ऑगस्टमधल्या एका रविवारी दिर्से डोक्याला रुमाल बांधून शेजारी बसली. घाट उतरताना ती दार घट्ट धरून बसली होती. झुलमीराकडे मासे-भात खाऊन, समुद्रावर दोन फेऱ्या मारून ते दुपारी परत निघाले. चढ लागला. धुकं आलं. गाडी न कुरकुरता चढत होती, ऑइलचा काटा जागचा हलत नव्हता. आणि दिर्से बोलायला लागली.

ते त्याला डोळ्याच्या कोपऱ्यातून दिसत होतं. तिचा रुमाल हलत होता, हात हलत होते. ओठ बघायला वळावं तर धुक्यात वळणं एकामागून एक. इंजिनाचा खालचा गोड ठोका त्याला नीट येत होता. तिचं एक अक्षर येत नव्हतं. ती थांबली, म्हणजे काहीतरी विचारलं असणार. ओलिंतोने मान हलवली.

रुमाल हलायचा थांबला.

पुढे एप्रिलमधला तोच दगड दिसला. त्याने गाडी कडेला घेतली आणि तिच्याकडे वळला. तिचे ओठ म्हणत होते, "मी आत्ता काय विचारलं?"

"माहीत नाही," तो म्हणाला. "दिर्से, गाडी गप्प आहे. मलाच ऐकू येत नाही. इंजिन येतं, जुरांदिर येतो. बारीक आवाज गेले, त्यात तू गेलीस. त्या दिवशी वासाचं सांगितलंस, ते एकदाही माझ्यापर्यंत आलं नाही. आलं असतं तर थांबलो असतो. देवाशपथ थांबलो असतो."

तिने हात पुढे करून किल्ली फिरवली. इंजिन बंद झालं. त्याला वाटलं, उतरली ही, चालली आता बसथांब्याकडे. पण ती त्याच्या कानाशी सरकली आणि पाद्रीबाबांच्या ढोलासारख्या आवाजात म्हणाली, "किती वर्षं?"

ते त्याला ऐकू आलं. सगळं ऐकू आलं. त्याचा चेहरा आपोआप वेडावाकडा झाला.

"नऊ. दहा असतील."

"नऊ वर्षं मी तुला मनातल्या मनात शिव्या घालतेय," तोच आवाज म्हणाला. "त्या आता परत कशा घेऊ?"

"राहू दे. त्यातल्या काही बरोबर असतील."

ती हसली नाही. नाक पुसलं आणि पुन्हा कानाशी आली. "नऊ वर्षांपूर्वी याच घाटात मी तुला काहीतरी विचारलं होतं. तू मान हलवलीस. मी घरी जाऊन पडदे मोजले, भांडी वेगळी काढली. महिनाभर वाट पाहिली. तू शब्द काढला नाहीस. मग मी भांडी परत लावली."

"काय विचारलं होतंस?"

"तेच, जे आत्ता विचारलं."

"दिर्से, परत विचार."

तिने घसा खाकरला. मागून एक ट्रक घरघरत वर गेला, तो जाईपर्यंत ती थांबली. मग पोटातून, जाड, सावकाश आवाज काढून तिने विचारलं, "आपण दुकान बंद करून खाली झुलमीराच्या शेजारी राहायला जाऊ या का? मी दमलेय रे वर राहून."

ओलिंतोची मान सवयीने हलायला लागली होती. त्याने ती थांबवली.

"हो," तो म्हणाला. "मीही दमलोय."