रिकामी म्हणून फोडलेली सात कार्ट्रिजं

आमच्या कार्यालयातल्या प्रिंटरवर एक बारीक दिवा आहे. शाई कमी झाली की तो पिवळा होऊन लुकलुकतो. त्या दिव्याला घाबरणारा माणूस आमचा साहेब झाला आणि त्याला न घाबरणारी बाई घरी गेली. गोष्ट एवढीच आहे, पण सांगताना मला शिसारी येते. साहेबाची येते, तशी माझीही येते.

आमचं कार्यालय जन्म-मृत्यूच्या दाखल्यांचं. पुढे खिडकी, खिडकीबाहेर रांग, आत चार टेबलं आणि एक भांडार. मी मुख्य लिपिक. दाखले टाईप करून छापून द्यायचं काम थेंबबाईकडे होतं. शाईचा थेंब न् थेंब वाचवते म्हणून हे नाव तिला मीच चिकटवलं होतं आणि त्या वेळी मला स्वतःच्या विनोदबुद्धीचं फार कौतुक वाटलं होतं. बाई वर्षाच्या करारावर होती. चौदा वर्षं दरवर्षी एक कागद यायचा, 'करार पुढे चालू', की बाईचं वर्षभराचं घर चालायचं. घरात सासूबाई अंथरुणाला खिळलेल्या, मुलगी शिकणारी आणि कमावणारं दुसरं कोणी नाही.

बाई सकाळी सगळ्यांच्या आधी दहा मिनिटं यायची. पिशवी टेबलावर ठेवायची आणि पहिलं काम म्हणजे चाचणीचं पान काढायची. त्या पानावर बारीक रेघांची एक जाळी छापून येते. ते पान ती खिडकीपाशी उजेडात धरायची, जसं आपण तांदळात खडे बघतो तसं. जाळी अखंड असेल तर दिवा कितीही लुकलुकू दे, बाईच्या नाकावरची माशी हलायची नाही.

"बाई, मशीन बोंब मारतंय," मी चिडवायचो.

"तान्हं बाळही बोंब मारतं, भाऊ. दर वेळी भूकच असते असं नाही."

एकदा तिनं मला नीट समजावलं होतं. मी कान देऊन ऐकलं नव्हतं, पण आठवतंय सगळं, हीच पंचाईत आहे. ती म्हणाली, "मशीन काही आत डोकावून बघत नाही. किती शाई उडवली त्याचा अंदाज बांधतं आणि आधीच सांगून मोकळं होतं. दिवा लागला म्हणजे भांडारातून नवीन आणून ठेवायचं, फोडायचं नाही. उघडून ठेवलं की सुकतं. मग रोज चाचणीचं पान बघायचं. जाळीत रेघ तुटली, तर एकदा साफसफाईचं बटण दाबायचं. फार तर दोनदा, कारण साफसफाईच शाई पिते. तरी रेघ तुटकी आली की मात्र हट्ट करायचा नाही, त्याच मिनिटाला बदलायचं. कोरडं ठणठणीत होईपर्यंत ओढलं तर छापणारं तोंडच बिघडतं. आणि लोकांच्या हातात द्यायच्या दाखल्यावर मी कधी फिकट अक्षर जाऊ दिलेलं नाही."

खरंच जाऊ दिलं नव्हतं. चौदा वर्षांत एकही दाखला फिकट म्हणून परत आला नाही.

मग हे साहेब आले. पहिल्याच महिन्यात वरिष्ठांच्या बैठकीला जायचं होतं म्हणून त्यांनी केबिनमधल्या प्रिंटरवर स्वतःच अहवाल छापला. तो प्रिंटर दोन महिने कुणी चालू केला नव्हता. शाई आतल्या आत सुकलेली. अहवालाच्या पहिल्या पानावर, बरोबर साहेबांच्या नावावरून, पांढरा पट्टा गेला. वरिष्ठ म्हणे हसले. दुधानं तोंड पोळलेला माणूस ताकही फुंकून पितो, पण आमच्या साहेबांनी ताक मोरीत ओतायचं फर्मान काढलं. पिवळा दिवा लागताक्षणी कार्ट्रिज बदलायचं, काढलेलं त्याच दिवशी भांडारात जमा करायचं, कसूर करणाऱ्यावर कारवाई.

बाई केबिनमध्ये गेली होती सांगायला. दोन मिनिटांत बाहेर आली.

"काय म्हणाले?" मी विचारलं.

"म्हणाले, मशीन बनवणाऱ्यांना तुमच्यापेक्षा जास्त कळतं."

तीन महिन्यांचा साठा पाच आठवड्यांत संपला. खिडकीवर पाटी लागली, 'शाई नाही'. भांडारात मात्र काढलेल्या कार्ट्रिजांचा ढीग वाढत होता. त्या ढिगाचंही आमच्याकडे एक शास्त्र आहे. तिमाही संपली की दोन साक्षीदारांसमोर शिपाई एकेक कार्ट्रिज हातोडीनं फोडतो, म्हणजे ते कुणी परत वापरू नये. मग साक्षीदार नोंदीच्या छापील कागदावर सही करतात, 'रिकामी असल्याची खात्री केली'. खात्री आजवर कुणी केलेली नाही. मीही नाही, आणि मी सव्वीस वर्षं सही करतोय.

पाटी लागल्यानंतर एक आजोबा तिसऱ्यांदा खिडकीवर आले. त्यांना बायकोच्या मृत्यूचा दाखला हवा होता. दोनदा मीच त्यांना परत पाठवलं होतं. त्या दिवशी ते भांडले नाहीत. खिडकीच्या कठड्यावर दोन्ही हात टेकून म्हणाले, "ती गेल्याचं तुमच्या वहीत चढवायला एक मिनिट लागलं. ते कागदावर उतरवायला महिना लागतो का?"

मी वर पाहिलं नाही. बाई उठली, भांडारात गेली, ढिगातून एक कार्ट्रिज घेऊन आली, प्रिंटरला बसवलं. चाचणीचं पान काढलं, उजेडात धरलं. जाळी अखंड होती. पाच मिनिटांत आजोबांच्या हातात काळा कुळकुळीत दाखला पडला.

पाटी उतरली. नंतरचे सात आठवडे खिडकीवरून कुणी रिकाम्या हातानं गेलं नाही. साहेबांना वाटलं, साठा पुरतोय तो आपल्याच नियोजनामुळे. बाई ढिगातून कार्ट्रिज आणायची आणि खरंच संपलं की त्याला चिठ्ठी बांधून आपल्या खणात ठेवायची. चिठ्ठीवर कितवं कार्ट्रिज तो नंबर आणि किती पानं निघाली तो आकडा. एकशे एकतीस. एकशे अठरा. मी हे रोज बघत होतो. आजोबाही मी पाहिले, चिठ्ठ्याही पाहिल्या. तोंडात मूग धरून बसलो.

तिमाही संपली. फोडण्याआधी हिशेबनीसांनी ढीग मोजला. नोंदवहीत एकोणीस, ढिगात बारा.

"सात माझ्याकडे आहेत," बाई म्हणाली आणि तिनं खण उघडला. "सहा संपलीत. सात नंबरचं अजून प्रिंटरमध्ये चालू आहे."

लपवाछपवी नाही, आवाज चढवणं नाही. आणि आमच्या कार्यालयाला चोर सापडला. सरकारी मालमत्ता स्वतःच्या ताब्यात ठेवल्याबद्दल चौकशी समिती बसली. साहेब अध्यक्ष, हिशेबनीस आणि मी सदस्य. त्याच महिन्यात बाईच्या कराराचा कागद यायचा होता, हे तिघांनाही ठाऊक होतं.

चौकशीत बाईला उभं ठेवलं होतं. केबिनमध्ये दोन खुर्च्या रिकाम्या होत्या.

"ढिगातून वस्तू उचलायची परवानगी कुणी दिली?" साहेबांनी विचारलं.

"कुणी नाही, साहेब. पण एक सांगाल? ती रिकामी होती, तर मी काय चोरलं? आणि भरलेली होती, तर ती काढून कुणी टाकली?"

पंखा फिरत होता. हिशेबनीस आपली नखं बघत होते. मला आतून वाटलं, वा बाई. आणि मी समोरच्या कागदावर समास आखत बसलो.

"प्रश्न विचारायचं काम समितीचं आहे," साहेब म्हणाले. बाई गेल्यावर ते माझ्याकडे वळले. "त्या चिठ्ठ्या जोडायची गरज नाही. उगाच फाटे फुटतात."

चिठ्ठ्या माझ्या खणात गेल्या. सात कार्ट्रिजं पुरावा म्हणून कापडी पिशवीत घालून लाख लावली, आणि पिशवीही माझ्याकडे.

अहवाल साहेबांनी स्वतः लिहिला, अकरा पानं. टाईप करणार कोण? आमच्याकडे टाईप करणारी एकच. म्हणजे बाईला घरी पाठवायचा अहवाल बाईनंच टाईप केला. कळफलकावर तिची बोटं जराही अडखळली नाहीत. टाईप झाल्यावर तिनं माझ्याकडे पाहिलं.

"छापू कशावर, भाऊ? साठा सोमवारी येणार."

आतून साहेबांचा आवाज आला, "आजच्या आज चार प्रती."

आणि मग मी जे केलं ते असं: मी पिशवीची लाख तोडली, सात नंबरचं कार्ट्रिज काढलं आणि बाईच्या हातात दिलं. पुराव्याच्या शाईनं अहवाल. बाईनं आधी चाचणीचं पान काढलं, सवयीनं उजेडात धरलं. मग चव्वेचाळीस पानं छापली. एका अक्षराला तडा नाही. सातव्या पानावर लिहिलं होतं, 'समितीने सदर सातही कार्ट्रिजांची प्रत्यक्ष पाहणी केली असून ती पूर्णपणे रिकामी व निरुपयोगी आहेत.' वाक्य ठळक, शाई ओली. त्याखाली, 'तथापि नियमबाह्य वर्तनामुळे करार पुढे चालू ठेवू नये.' चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात, पण इथे फासाचा दोरही संन्याशाकडूनच वळून घेतला होता.

हिशेबनीसांनी सही केली. मला निवृत्तीला तीन वर्षं आहेत. मीही केली. मग सात नंबरचं परत पिशवीत घालून नवी लाख लावली. असली नीट लाख मी उभ्या नोकरीत लावली नव्हती.

शेवटच्या दिवशी बाई पिशवी खांद्याला लावून माझ्या टेबलापाशी थांबली. मला वाटलं, आता दोन शब्द सुनावेल. सुनवायलाच हवे होते.

"सात नंबरात अजून तीसेक पानं आहेत, भाऊ. खिडकीवर कुणी अडलं तर वापरा."

"बरं," मी म्हणालो.

दुसऱ्या दिवशी सकाळी एक बाई आली, कडेवर लेकरू. लेकराच्या जन्माचा दाखला हवा होता, इस्पितळात दाखवल्याशिवाय पुढचे उपचार नाहीत म्हणे. पिशवी माझ्या पायाशी होती. पण लाख दोनदा तुटली तर विचारणा होईल. मी परत लागलेल्या पाटीकडे बोट दाखवलं आणि सोमवारी यायला सांगितलं. ती गेल्यावर मी चहा मागवला.

पुढच्या आठवड्यात फोडायचा कार्यक्रम झाला, मागच्या अंगणात, फरशीवर. साक्षीदार मी आणि हिशेबनीस. शिपायानं आधी ढीग घेतला. पहिल्याच घावाला शाई उडाली. दुसऱ्याला उडाली. फरशीवरून काळा ओघळ नाल्याकडे निघाला आणि हिशेबनीस चपला उचलून मागे सरकले. शेवटी पुराव्याची सात आली. त्यातली सहा कोरडी खटखट फुटली, बाईनं सांगितली होती तशीच. सातवं मी हातानं पुढे सरकवत होतो, तेवढ्यात हातोडी पडली. माझा पंजा मनगटापर्यंत काळा झाला आणि सदऱ्यावर छातीपर्यंत शिंतोडे आले.

शिपाई माझ्या हाताकडे बघत राहिला. त्याला आमच्या कार्यालयात बावीस वर्षं झालीत.

"भाऊ," तो हळूच म्हणाला, "हे तर रिकामं होतं ना?"

हिशेबनीसांनी नोंदीचा कागद पुढे केला. तोही बाईनंच कधीतरी छापून ठेवलेला, 'रिकामी असल्याची खात्री केली'. मी खाली सही केली. कागद धरला होता तिथे पाचही बोटं उमटली.

कागद साहेबांकडे गेला. त्यांनी तो चिमटीत धरला, नाक मुरडलं.

"पान घाण केलंत. दुसऱ्यावर करा."

मी हात धुऊन आलो. काळं निघालं नाही, पण वाळलं होतं. दुसऱ्या कागदावर डाग न पाडता सही केली.