शिक्का मारून आलेली प्रश्नावली

मी डोंगरकडा सोडलं तेव्हा आमचा जिल्हा परभणी होता. नांदेडच्या एसटीत दादानं माझी ट्रंक चढवली, वहिनीनं खिडकीतून भाकरीचं फडकं आत दिलं आणि बापूंनी शेवटची सूचना केली, "पत्रात तकलीफ लिहीत बसू नको. बराबर हाय म्हनायचं." मी पुण्याला नर्सिंग शिकायला चालले होते. वहिनी घरात नवी होती, सारखी हसायची.

पुढं आठ वर्षं पत्रं तशीच गेली. इकडं बराबर, तिकडं बराबर. बापू गेले त्या कार्डाची सुरुवातसुद्धा दादानं 'सर्व खुशाल' अशी केली होती. त्याला कार्डाची दुसरी सुरुवात येतच नव्हती.

शिकून झाल्यावर मी तिथल्याच एका दवाखान्यात ओपीडीला लागले. रांगेतल्या पेशंटना आम्ही एक पानी प्रश्नावली द्यायचो. झोप लागते का, कशात मन रमतं का, जगणं नकोसं वाटतं का, असे नऊ प्रश्न. मागचे दोन आठवडे आठवायचे आणि 'मुळीच नाही'पासून 'जवळजवळ रोज'पर्यंतच्या चारपैकी एका रकान्यात खूण करायची. एकदा जेवणाच्या सुट्टीत कोपऱ्यात बसून मी स्वतःच ती भरली. खुणांचे गुण मोजले आणि बेरीज बघून हादरले. आमच्या डॉक्टर मॅडम म्हणाल्या, हा कागद आजाराचं नाव सांगत नाही, दाखवायची वेळ झाली एवढंच सांगतो. मी दाखवलं, बोलले, गोळ्या घेतल्या आणि सावरले.

सावरले तशी वहिनी आठवली. मागच्या दिवाळीला ती वाढता वाढता मध्येच थांबायची, ताट कुणाचं ते विसरायची. "आळस भरलाय अंगात," असं दादा म्हणाला होता आणि मीही मान डोलावली होती. आता एक कोरी प्रश्नावली पाकिटात घालून पाठवली. वर लिहिलं, वहिनीनं भरावी.

पंधरा दिवसांत ती परत आली. नऊच्या नऊ खुणा 'मुळीच नाही'त, दादाच्या हातच्या. खाली वहिनीची सही आणि शेजारी ग्रामपंचायतीचा गोल शिक्का, सरपंचाच्या सहीसकट. पुण्याच्या दवाखान्याचा कागद म्हणून दादानं तो प्रमाणित करून घेतला होता. माझ्या वहिनीला दुःख नाही, याला सरपंच साक्षी! आधी हसू आलं, मग डोकंच फिरलं. चूक माझीही होतीच. आमच्याकडे कागद एकट्यानं कोण भरतं? रेशनचा असो की शाळेचा, लिहिता येणारा लिहितो, बाकीचं घर भोवती बसतं आणि सगळ्यांना पटेल ते उत्तर जातं. हे मला माहीत नव्हतं असं थोडंच आहे.

रजा टाकून गावी गेले. वहिनीबरोबर कापूस वेचायला शेतात गेले आणि दोघीच असताना एकेक प्रश्न तोंडी विचारला. तिचे हात थांबले नाहीत. "रोजच." "रोजच." "व्हय, तेबी." शेवटच्या प्रश्नाला म्हणाली, "लेकरांकडं पाहून दिवस काढून राहिले, ताई."

"मग काहून न्हाई सांगितलं?" मी ओरडलेच.

"इचारलं कोनी? त्यायनीच वाचलं, त्यायनीच लिव्हलं. मी सरपंचासाठी चहा करून राहिले व्हते."

दादाला सांगितलं, नांदेडच्या डॉक्टरांना दाखवू, तर तो भलत्याच पेचात. "आता नांदेडला कसं न्यू? सरपंचानं शिक्का मारून देला. लोक म्हनतील येडी हाय." मी भांडभांड भांडले. शेवटी डोळे तपासायला नेतोय असं गावाला सांगून आम्ही तिला नेलं. तीन फेऱ्यांत वहिनी पुन्हा बोलायला लागली. चौथ्या फेरीला मी पुण्यात होते आणि दादानं नेलंच नाही. "आता हासती की," म्हणाला. गोळ्याही तिथंच थांबल्या.

गावी राहिलेले तुम्ही म्हणता, ही पुण्याला जाऊन परकी झाली, घरच्यांना नाही नाही ते विचारते. माझ्यासारखे बाहेर पडलेले तुम्ही म्हणता, कागद पाठवला, आपलं काम झालं. मला दोघांचाही राग येतो, आणि दुसऱ्यांत मी स्वतः आहे म्हणून जास्तच येतो.

आज सकाळी फोन केला. दादा म्हणाला, सगळं बराबर. मी म्हटलं, वहिनीला दे आणि तू जरा अंगणात जा. तो गेला. वहिनी हळूच म्हणाली, "ताई, चौथा रकाना. दोन हप्ते झाले." आणि लगेच आवाज चढवून, "व्हय व्हय, ज्वारी निसून झाली!" दादा आत आला होता.

इथल्या मैत्रिणी विचारतात, आता तुझं घर कुठलं, पुणं की डोंगरकडा? जिथं ही बाई दार बंद होईपर्यंत खरं बोलत नाही, ते माझं घर. दुसरं मला नाही. रजेचा अर्ज दिलाय, नांदेडच्या डॉक्टरांकडे नंबर लावलाय, संध्याकाळची गाडी आहे. या वेळी डोळ्यांचं नाव सांगणार नाही.