उद्यासाहेबांच्या मागच्या अंगणातले पाहुणे

नोकरीत असताना त्यांना सगळे उद्यासाहेब म्हणायचे, आणि हे नाव त्यांनी स्वतःच्या हिमतीवर कमावलं होतं. पाणीपुरवठ्याच्या कचेरीत तक्रारींच्या खिडकीमागे त्यांची सारी हयात गेली. नळाला पाणी नाही, आलं तर गढूळ, गढूळ नसलं तर बिल दुप्पट. माणसं खिडकीत तोंड खुपसून बोलत राहायची, उद्यासाहेब शेवटपर्यंत शांतपणे ऐकून घ्यायचे आणि म्हणायचे, "उद्या या." नाही असं त्यांनी कधी कुणाला म्हटलं नाही. निरोपाच्या सभेत वरिष्ठांनी जाहीर सांगितलं की यांच्या हातून आजवर एकही काम बिघडलेलं नाही. ते खरंच होतं. हातच लागला नव्हता.

निवृत्त झाल्यावर खिडकी गेली, खिडकीपुढची माणसं गेली, आणि साहेबांनी घरात लक्ष घालायला सुरुवात केली. हा जाच काकूंच्या वाट्याला आला. काकू म्हणजे त्यांची बायको. सगळी गल्ली तिला काकू म्हणायची, आपणही म्हणू.

काकूंचं नवऱ्याकडे एकच मागणं होतं. घराच्या मागच्या अंगणात पत्र्याची एक खोली होती, जुन्या मालकाने कोळसा आणि लाकडं ठेवायला बांधलेली. तिच्यात एका चाकाची सायकल, मेलेला कूलर, तीन पायांची खुर्ची आणि 'कधीतरी लागेल' या नावाखाली उरलेलं जग कोंबलेलं होतं. काकू शिवणकाम करायच्या. मशीन ओट्याला चिकटून उभं, त्यामुळे गिऱ्हाइकांच्या ब्लाउजला फोडणीचा वास यायचा. "तेवढी मागची खोली मोकळी करून द्या," असं त्या म्हणाल्या की साहेब कचेरीतल्याइतक्याच सौजन्याने म्हणायचे, "उद्या बघू." मुलगी जन्मली, शिकली, तिचं लग्न झालं, तरी तो उद्या काही उजाडला नाही.

एका रविवारी लेक आणि जावई जेवायला आले. जावई कॉम्प्युटरवर काहीतरी काम करायचा. नेमकं काय ते सासऱ्यांना कधी कळलं नव्हतं, म्हणून त्यांच्या मनात त्याच्याबद्दल आदर होता. हात धुवायला तो मागे गेला आणि खोलीकडे बघतच राहिला.

"बाबा, ही खोली नुसती पडून आहे?"

"पडून कसली? भरलेली आहे."

"अहो, लोक आजकाल अशा जागा दोन-चार दिवसांसाठी भाड्याने देतात. ॲपवर टाकायची. शहरातली माणसं हॉटेलला कंटाळलीत. त्यांना घरपण हवंय."

"घरपण मलाही हवंय," काकू आतून म्हणाल्या, पण ते भांड्यांच्या आवाजात गेलं.

आणि मग जे झालं ते पाहून काकूंच्या तोंडाचा आ मिटेना. संसारभर न हललेली खोली आठवड्याभरात रिकामी झाली. साहेब स्वतः डोक्याला फडकं बांधून कूलर ओढत होते. गवंडी आला, प्लंबर आला, छताला आतून पांढऱ्या फळ्या लागल्या, कोपऱ्यात न्हाणीघर झालं. पंखा हवा म्हणून घरातला चांगला पंखा तिकडे गेला. मग चांगली गादी गेली, कपाटाचा आरसा गेला, लेकीने आईला दिलेल्या नव्या चादरीही गेल्या. नाकापेक्षा मोती जड झाला. खोलीला 'निवांत' असं नाव मिळालं आणि घरातला निवांतपणा संपला. जावयाने फोटो असे काढले की शेजारचं गटार दिसू नये आणि एकुलतं एक लिंबाचं झाड बागेसारखं दिसावं.

पाहुणे येऊ लागले. पहिलं जोडपं शांततेसाठी आलं होतं, म्हणून सकाळी नऊपर्यंत कुकर लावायला बंदी झाली. मिक्सर पाहुणे बाहेर पडल्यावरच. अंगणात कपडे वाळत घालायचे नाहीत, कारण फोटोत दोरी नाही. साहेब दर तासाला दारावर टिचकी मारून विचारत, "काही हवं-नको?" जोडपं गेलं आणि मागे चार स्टार आणि एक ओळ ठेवून गेलं: जागा छान, पण मालक फार विचारपूस करतात.

आयुष्यभर लोकांच्या तक्रारी पालथ्या घड्यावरच्या पाण्यासारख्या ओघळू देणारा हा माणूस त्या एका ओळीने आजारी पडला. जेवण जाईना. "पाचवा स्टार का कापला असेल?" ते काकूंना विचारत. काकू म्हणाल्या, "त्यांना विचारा. कदाचित म्हणतील, उद्या सांगतो." साहेबांना विनोद कळला नाही. त्यांनी दाराला पाटी लावली: 'येथे पाहुण्यांशी अदबीने बोलले जाते.' आणि खरंच अदबीने बोलू लागले, फक्त पाहुण्यांशी.

खरी ठिणगी पडली ती काकूंच्या धाकट्या बहिणीमुळे. तिने फोन केला की चार दिवस राहायला येते. साहेब म्हणाले, "आत्ता नको. बुकिंग आहे. तुम्ही दोघी मोठमोठ्याने हसता."

काकूंनी फोन ठेवला. त्या भांडल्या नाहीत, रडल्या नाहीत. संध्याकाळी लेकीशी मात्र बराच वेळ बोलल्या.

थोड्याच दिवसांत ॲपवर एक बुकिंग आलं. एकटी बाई, पूर्ण आठवडा, सोबत निरोप: विश्रांती हवी आहे. साहेब हरखले. आठवडाभराचं गिऱ्हाईक म्हणजे पाच स्टारची खात्री. त्यांनी उशाशी फुलं ठेवली. त्याच दुपारी काकू पिशवी भरून निघाल्या. "बहिणीकडे जाते," म्हणाल्या. साहेबांना उलट बरंच वाटलं. घरात आवाज नको होता.

तासाभराने दारात रिक्षा थांबली. साहेब हसू चेहऱ्यावर बसवून पुढे धावले. रिक्षातून काळा गॉगल लावलेल्या काकू उतरल्या.

"अगं, विसरलीस काही?"

"अगं नाही, अहो," काकू पाटीकडे बोट दाखवून म्हणाल्या. "माझं बुकिंग आहे. बॅग घ्या."

साहेबांनी फोन काढून नाव पुन्हा वाचलं. काकूंचं माहेरचं नाव, आडनावासकट, सकाळपासून डोळ्यांपुढे होतं आणि त्यांना ते ओळखू आलं नव्हतं. लग्नानंतर त्या नावाने तिला हाक मारल्याचं त्यांना आठवेना.

"हा काय पोरखेळ? मी रद्द करतो."

"करा की. मालकाने बुकिंग मोडलं तर जागा यादीत तळाला जाते म्हणे. लेक सांगत होती."

साहेबांनी बॅग उचलली.

पहिली तक्रार चहाची आली. साहेब स्वयंपाकघरात शिरले, सगळे डबे उघडून पाहिले आणि मागच्या दारात येऊन म्हणाले, "साखर कुठे असते?"

"तुमच्या घरात साखर कुठे असते ते पाहुणीला कसं ठाऊक असणार?" काकू पलंगावर पाय पसरून म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी उशी टणक होती. मग न्हाणीघराचा नळ गळू लागला. "उद्या बघतो," साहेब सवयीने बोलून गेले. काकूंनी चष्मा काढून नुसतं त्यांच्याकडे पाहिलं. साहेब मुकाट्याने पाना घेऊन आले, भिजून चिंब झाले, बोट चेंगरलं, पण नळ बंद झाला. पाणी खात्यात उभी हयात काढलेल्या माणसाने बंद केलेला तो पहिला नळ. बायकोने "छान" म्हटलं तेव्हा त्यांना इतका आनंद झाला की त्यांचा त्यांनाच राग आला.

आठवड्याच्या मध्यावर बहीण आली. दोघी दार लावून बसल्या आणि आतून जे हसू फुटलं ते गल्लीच्या टोकापर्यंत गेलं. साहेब आवाजाबद्दल सांगायला दारापर्यंत गेले. टिचकी मारायला उचललेला हात तसाच राहिला. बायको अशी हसते हे ते विसरूनच गेले होते. स्वयंपाकघरात परत येऊन त्यांनी दोघींसाठी चहा टाकला. तो उतू गेला. त्यांनी पुन्हा टाकला.

आठवडा संपला तसे साहेब तिच्या समोर जाऊन बसले. "आता घरात ये. तिकडे जेवताना भिंतीशी बोलतोय मी."

"भिंत उत्तर देते का?"

"नाही."

"मग कळलं तर, मला कसं वाटायचं ते." एवढं बोलून काकूंनी बॅग भरली आणि घरात आल्या. येताना अभिप्राय टाकून आल्या: खोली उत्तम. मालक शिकाऊ आहेत. स्टार तीन.

जावयाचा फोन लगेच आला. "बाबा, हे काय! रेटिंग कोसळलं. आईंना तो अभिप्राय काढायला सांगा."

"का काढायचा?" साहेब म्हणाले. "खरा आहे." फोन ठेवून ते खोलीच्या कामाला आलेल्या प्लंबरला बोलवायला गेले, कारण मशीन मागच्या खोलीत न्यायला दोन माणसं लागणार होती आणि त्यांच्या ओळखीचा धट्टाकट्टा माणूस तो एकच.

आता काकू मागच्या खोलीत शिवतात, दुपारी तिथेच पाठ टेकतात, आणि मनात आलं तर महिन्यातून एखाद्या पाहुण्याला जागा देतात. ब्लाउजला फोडणीचा वास येत नाही म्हणून गिऱ्हाईक वाढलंय. सकाळचा चहा साहेब करतात. तो चांगला होतो असं अजून कुणी म्हटलेलं नाही.

परवा एक तरुण जोडपं फाटकापाशी आलं. पाठीवर पिशव्या, हातात फोन, फोनमध्ये लिंबाचं झाड. "निवांत हेच ना? दोन दिवस खोली मिळेल का?"

साहेबांचे डोळे क्षणभर चमकले. मागून मशीनचा आवाज येत होता.

"जरा थांबा," ते म्हणाले, "विचारून येतो." आणि चपला दाराबाहेर काढून त्यांनी हळूच टिचकी मारली.