काठोकाठ भरलेले ड्रम

आमच्या मुकुंदवाडीच्या गल्लीत नळाला पाणी कधी येईल ते देवालाबी ठाऊक नसतं. चार-आठ दिवसांनी येतं, आणि आलं की हातातलं सगळं टाकून ड्रम भरायचे. घरात कुणी नसलं तर मग बसा बोंबलत.

माझी लेक तेव्हा सातवीत होती. पोरगी लई उचापती. मिक्सर बंद पडला की उघडून बसायची, आणि खरं सांगते, चालूबी करून दाखवायची. एक दिवस शाळेतून पत्रक घेऊन आली. शाळा सुटल्यावर रोज संध्याकाळी फुकट वर्ग. तारा, मोटारी, सगळं हातानं करून शिकायचं. निवड शनिवारी दुपारी. आठवडाभर पोरगी दुसरं काही बोलंना.

ह्यांचं काम ट्रकवर. घरी आले तर पाहुण्यासारखे. माझी वाळूजला कंपनीत पहिली पाळी. शनिवारी निघताना मी तिला बजावलं, "पाणी आलं तरी थांबायचं नाय. पाणी गेलं चुलीत!" ती म्हणाली, "व्हय गं आई." सकाळीच दोन वेण्या घालून बसली होती.

संध्याकाळी कंपनीच्या बसमधून उतरले तर गल्ली ओली. तशीच घराकडं पळाले. घरात ड्रम, कळश्या, पातेली, अगदी चहाची किटलीसुद्धा काठोकाठ. पोरगी ओट्यावर बसून नव्या ड्रेसचा घेर पिळत होती.

"गेली का नाहीस गं?"

"मागच्या खेपेला पाणी हुकलं, तर तू पाळी करून येऊन लांबून हंडे आणलेस. पाठ धरली व्हती तुझी."

मी ओरडले तिच्यावर, आणि मग पदर तोंडाला लावून रडलेबी. भरलेले ड्रम बघून इतकं वाईट जन्मात वाटलं नव्हतं.

सोमवारी पाळी सुटल्यावर तशीच त्या वर्गावर गेले. तिथल्या ताई भल्या होत्या, पण जागा भरल्या होत्या. पुढच्या वर्षी घ्या म्हटलं, तर वर्ग सातवीपर्यंतच्याच पोरांचा. माझं डोकं सणकलं.

"ताई, गल्लीत पाणी आलेलं असताना आमची पोरं येणार कशी? तुमच्याकडं पाणी कोण भरतं?"

त्यांनी हातातली वही मिटली. मग हळूच म्हणाल्या, "आमच्याकडे बोअर आहे हो. हे डोक्यातच आलं नाही."

पण त्यांनी मनावर घेतलं. आता निवड दोन दिवस असते, आणि पाण्यापायी उशीर झाला तरी पोराला आत घेतात. आमच्या गल्लीतली बरीच पोरं जातात. बाया म्हणतात, "तुमच्यामुळं झालं बघा." व्हय, झालं. वरातीमागून घोडं. माझी लेक आता नववीत आहे.

गेल्या आठवड्यात ऐन वर्गाच्या वेळेला पाणी आलं. शेजारची लहानगी दप्तर घेऊन दारात घुटमळत होती. तिची आई कामावर गेलेली. माझी लेक आतून ओरडली, "जा गं तू, तुमचे ड्रम मी भरते." लहानगी पळाली. लेकीनं पाईप त्यांच्या ड्रममध्ये सोडला.

मला राहवलं नाय. विचारलं, "बाळा, तुला वाईट नाय वाटत?"

तिनं वर बघितलं नाय. "आई, पाईप धर. सुटतोय."

लहानगी परत आली तेव्हा पाणी गेलेलं होतं. माझी लेक ओले हात ड्रेसला पुसत तिच्या दप्तरापाशी जाऊन बसली. "आज काय शिकवलं? दाखव की."