स्टेपनी

जुन्या जीपच्या पाठीला जादा चाक टांगायची एक जागा असते. थोरल्याच्या जीपला तिथं चाक नव्हतं. तिथं त्याचा सख्खा धाकटा भाऊ लटकायचा. एक पाय पायरीवर, एक हात वरच्या दांडीला, खांद्यावर पान्यांची पिशवी. लोक त्याला स्टेपनी म्हणायचे आणि तोही ओ द्यायचा. न देऊन सांगतो कुणाला?

तसा गडी हाडाचा मिस्त्री. घराला लागून त्याची पत्र्याची शेड होती. बिघडलेलं इंजिन समोर आलं की डोळे मिटून ऐकायचा आणि बोट नेमकं दुखऱ्या जागी ठेवायचा. पण शेडला कायम कुलूप. कारण मालक डोंगराच्या चढावर कुठंतरी लोंबकळत असायचा.

सगळं घोडं त्या जीपपाशी अडलं होतं. वरच्या वस्तीला जाणारी ती एकुलती गाडी. सपाटीवर सुसाट पळायची. चढ लागला, थोडी वर गेली, की एक हिसका, दुसरा हिसका, आणि गप्प. थोरला स्टार्टर मारमारून बॅटरीचा जीव काढायचा. मागनं स्टेपनी उडी मारायचा, बॉनेट उघडायचा, वायरी हलवायचा. मग ड्रायव्हरच्या सीटखाली जी टाकी असते तिचं झाकण काढायचा, काडी बुडवून पेट्रोल बघायचा. पेट्रोल असायचंच. झाकण लावायचा, आणि जरा वेळानं गाडी सुरू! पुढच्या वळणावर पुन्हा तेच.

त्यानं काय बदललं नाही? कॉइल बदलली, पॉइंट बदलले, पेट्रोलचा पंप उघडून नवा पडदा घातला. कार्बोरेटर तर इतक्यांदा धुतला की त्याची चकाकी नवरदेवाला लाजवील. शेडमध्ये इंजिनाला वरनं पेट्रोलची बाटली टांगून सकाळपासून संध्याकाळपर्यंत चालवलं, तर पठ्ठं हूं की चूं करायचं नाही. "ही गाडी मला बघून नाटक करते," तो म्हणायचा.

बायको म्हणायची, "गाडीचं सोडा. गिऱ्हाईक दारात येतं, त्याला काय सांगू? मालक कुठं टांगलेत म्हणून?"

तो खाली मान घालून जेवायचा. आईबापामागं थोरल्यानं त्याला वाढवलं होतं, ही गोष्ट घरात कुणी बोलून दाखवत नसे आणि कुणी विसरतही नसे.

अशात डोंगराच्या पायथ्याला पंपांचा कारखाना निघाला. तिथल्या फोरमननं त्याला एकदा रस्त्यात काम करताना पाहिलं आणि म्हणाला, "आमच्या वर्कशॉपात ये. सोमवारी सकाळी भोंग्याच्या आत फाटकावर पाहिजेस. नाहीतर दुसरा माणूस तयार आहे."

हे थोरल्याला सांगितलं तर तो बराच वेळ टायरला लाथा मारत राहिला. मग म्हणाला, "जा की. मी काय बांधून ठेवलंय? फक्त गाडीचं दुखणं काढून जा."

आता आली का पंचाईत! दुखणं सापडत असतं तर तो तिथं लटकला असता कशाला?

शनिवारी परतीला माणसं नव्हती म्हणून थोरल्यानं वरच्या वस्तीवरनं दगड भरले. उतरताना मध्येच एक चढ लागतो, तिथं जीप बंद पडली. थोरला शिव्या देत झुडपामागं हलका व्हायला गेला. एरवी अशा वेळी कोंबड्या, पोरं, म्हाताऱ्या, सगळ्यांचा एकच कालवा असायचा आणि स्टार्टर केकाटत असायचा. त्या दिवशी चिडीचूप. स्टेपनीनं सवयीनं टाकीचं झाकण फिरवलं, आणि त्याला ऐकू आलं.

सुस्स.

टाकीनं वारा आत ओढला होता. बुडालेला माणूस वर येऊन श्वास घेतो तसा.

त्यानं झाकण डोळ्याजवळ नेलं. पालथं करून बघितलं. आतल्या बाजूला ट्यूबचं रबर गोल कापून, चिकटवून, झकास बसवलेलं. झाकणाला हवा जायला जे बारीक भोक असतं ते पार बुजलेलं. चढाला इंजिन जास्त पेट्रोल ओढणार, रिकाम्या झालेल्या जागेत हवा यायला वाट नाही, म्हटल्यावर पेट्रोल येणार कुठनं? आणि तो दर खेपेला झाकण उघडून, काडी बुडवून, आपल्या हातानं हवा आत सोडत होता, वर पुन्हा झाकण गच्च लावत होता. शेडमध्ये बाटलीवर चालताना टाकीचा संबंधच नव्हता.

थोरला नाडी आवळत आला. "काय रे, भूत बघितलंस?"

"दादा, हे रबर कुणी लावलं?"

"मी. पेट्रोलच्या वासानं बायकांना मळमळायचं. एक तर माझ्या पाठीवरच ओकली. चांगलं बसलंय ना? थेंब बाहेर येत नाही."

"कधी लावलंस?"

"झाली की वर्षं. तुझं लग्न ठरायचं होतं तेव्हा."

"मला सांगितलं नाहीस."

"रबराचं काय सांगायचं, लेका? ते काय इंजिनात आहे?"

स्टेपनीनं पिशवीतनं टोच्या काढला आणि रबरासकट झाकणाला आरपार भोक पाडलं. त्या चढाला गाडी कुठंही थांबली नाही. रविवारी त्यानं बायकोला मळका शर्ट धुवायला दिला. तिनं न विचारता इस्त्रीही केली.

सोमवारी स्टँडवर जीप भरली. इस्त्रीच्या शर्टातला स्टेपनी बाजूला उभा, पिशवी खांद्यावर. कारखाना चढाच्या पहिल्या वळणावर, चालत गेलं तरी वेळेत पोचला असता. थोरल्यानं गाडी सुरू केली.

"तो मागं चढला नाही अजून," दवाखान्यातला कंपाउंडर म्हणाला.

"तो येत नाही आता. गाडी बरी झालीय."

कंपाउंडर खाली उतरला. पाठोपाठ भाजीवाली मावशी, मांडीवरची टोपली सावरत. "बाबा, तुझी गाडी बरी झाली असंल, पण माझा भरवसा बरा झाला नाही. मध्येच थांबली तर मला घेऊन वर कोण चढणार, तू?"

एकेक करत जीप रिकामी झाली. स्टेपनी टाकीचं झाकण काढून दाखवू लागला, भोक दाखवलं, वारं कसं आत जातं ते फुंकून दाखवलं. मावशी म्हणाली, "एवढ्याशा भोकानं गाडी चालते? येडी समजलास का मला?"

थोरला स्टिअरिंगवर दोन्ही हात ठेवून समोर बघत राहिला. तो बोलला असता तर भांडता तरी आलं असतं.

"आजचा दिवस," स्टेपनी पुटपुटला आणि पायरीवर पाय ठेवला. त्यासरशी सगळी माणसं भराभर आत शिरली.

पहिलं वळण जवळ आलं. कारखान्याचं फाटक उघडं, माणसं आत जात होती, फोरमन कडेला उभा. गाडी आता चढालाही पळत होती, उतरायची सोय नव्हती, आणि थांबव म्हणावं तर कुठल्या तोंडानं? त्याला वाटलं, आता एकदा बंद पड. एवढ्या वर्षांत कुठंही पडलीस, आता इथं पड. त्यानं कान लावला. इंजिन साधं खोकलंसुद्धा नाही. भोंगा झाला तेव्हा फाटक मागं राहिलं होतं.

"आज काय चाललीय गं बाई गाडी!" आत मावशी म्हणाली.

"चालणारच," कंपाउंडर म्हणाला, "तो मागं आहे ना."