हिरव्या चुड्याखालचा रंग

लग्नाच्या दोन दिवस आधी, चुडा भरायच्या संध्याकाळी, मी दार उघडलं आणि हातातलं बांगड्यांचं खोकं पडता पडता राहिलं. समोर माझी होणारी सून उभी होती, पण ती तपकिरी होती. चेहरा, गळा, हात, सँडलमधली पावलंसुद्धा थालीपिठाच्या भाजणीच्या रंगाची. आदल्या रविवारपर्यंत या मुलीच्या मनगटावरच्या निळ्या शिरा लांबून दिसायच्या.

"काय झालं हिला?" मी मुलाला मराठीत विचारलं. मला खरंच वाटलं, कसली तरी ॲलर्जी उठली आहे.

"स्प्रे टॅन आहे, आई. दुपारी करून आली. इथे लग्नाआधी खूप जणी करतात. चिल."

इतकी वर्षं या देशात काढल्यावर टॅन म्हणजे काय हे मला कळत नव्हतं असं नाही. ऑफिसातल्या बायका फ्लोरिडाहून आल्या की आपला हात माझ्या हाताला लावून "बघ, जवळजवळ तुला गाठलं" म्हणायच्या आणि मीही हसायचे. पण तो उन्हाचा रंग. हा तर फवाऱ्याचा. एका खोपटात कागदी चड्डी घालून उभं राहायचं आणि एक मुलगी गाडीला मारतात तसा रंग मारते, हे मुलानं सांगितलं तेव्हा मला खाली बसावं लागलं.

माझं असं का झालं, ते सांगते. मी सावळी आहे. सावळी हा जाहिरातीतला शब्द. घरात काळीच म्हणायचे. दाखवायचा कार्यक्रम ठरला की आई मला पुण्याच्या घरातल्या मोरीत पाटावर बसवायची आणि बेसन, साय, हळद, लिंबू कालवलेली वाटी घेऊन घासायला लागायची. मान, कोपरं, पाठ. कातडी चुरचुरायची. मग तांब्यानं पाणी ओतायची आणि ते पाणी मोरीच्या भोकाकडे जाताना त्याच्याकडे बघत बसायची. काय बघते आहे, हे तेव्हा मला कधी कळलं नाही.

आणि अशा माझ्या घरात मुलानं ही अमेरिकन मुलगी आणली. मंडळाच्या गणपतीत तिला घेऊन गेले तर सगळ्या जमल्याच. "अगं, काय गोरीपान सून मिळवलीस!" मी अशी काही मान डोलवत होते, जसं काही त्या रंगात माझाच हातभार आहे. मग आता तिला असं बघून धक्का बसणार नाही तर काय? मला तर कोणी लुटल्यासारखं वाटलं.

चुडा भरताना तिनं हाताला साबण लावू दिला नाही, क्रीमही नाही. उद्या दुपारपर्यंत अंगाला काही लावायचं नाही, असं तिला बजावलं होतं. शेवटी माझ्या नागपूरच्या मैत्रिणीनं तिच्या हातावर प्लास्टिकची पिशवी चढवली आणि त्यावरून काचेच्या बांगड्या सरकवल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी हळद आहे हे आम्हा सगळ्यांना माहीत होतं. तरी एकीच्याही डोक्यात प्रकाश पडला नाही. तिनं हळद म्हणजे काय असं माझ्या मुलाला विचारलं होतं, तर त्या शहाण्यानं सांगितलं होतं, "थोडीशी गालाला लावतात."

सकाळी मागच्या डेकवर आधी मुलाला हळद लागली. मग उरलेली उष्टी हळद तेलात कालवून तिच्याकडे आणली. पहिल्या दोघी-तिघींनी विड्याच्या पानानं रीतसर लावली. त्यानंतर नागपूरच्या मैत्रिणीनं बाह्या सारल्या. "लाजता काय यार, चोळा की नीट! नवरी आहे ती." आणि त्या सगळ्या तिच्या दंडांवर, पोटऱ्यांवर, गळ्यावर अक्षरशः तुटून पडल्या.

आधी पिवळ्याचं तांबूस झालं. मग तांबुसाचं मातकट झालं. मग बोटं फिरली तिथे तिथे आतली गोरी कातडी दिसायला लागली. दोन्ही हातांवर पट्टे, गळ्यावर ओघळ, पाटाखालच्या पांढऱ्या टॉवेलवर चहा सांडल्यासारखे डाग.

"अगं बाई, हिचा रंग जातोय!" मैत्रीण ओरडली.

कोणीतरी फिसकन हसलं. सुनेनं आपल्या गुडघ्यांकडे बघितलं, उठली, धावत वर गेली आणि बाथरूमची कडी लावून बसली.

मुलगा दाराशी उभा राहून विनवत होता. ती आतून एवढंच म्हणाली की अशा अवतारात उद्या सगळ्यांसमोर ती येणार नाही, लग्न पुढे ढकला. तिचे आईवडील संध्याकाळच्या फ्लाइटनं यायचे होते. त्यांना मी काय तोंड दाखवणार होते? मुलानं सलूनला फोन लावला तर तिथली मुलगी म्हणाली, आधी सगळं घासून काढावं लागेल, मगच पुढे काही करता येईल.

घासून काढणं. ते मला येत होतं. मी स्वयंपाकघरात गेले, बेसन घेतलं, साय नव्हती म्हणून दही घेतलं, लिंबू पिळलं आणि वाटी घेऊन दार वाजवलं. "मी आहे. एकटीच."

जुना टी-शर्ट आणि शॉर्ट्स घालून ती टबाच्या काठावर बसली होती. डोळे लाल. मला तिची दया यायला हवी होती, पण तोंडातून निघालं ते भलतंच. "देवानं एवढा चांगला रंग दिलेला असताना हे कशाला केलंस?"

"साखरपुड्याच्या फोटोत मी पाहुणी दिसते," ती म्हणाली. ती इंग्रजीत बोलत होती, पण 'पाहुणी' हा शब्द मराठीत म्हणाली. मुलानं शिकवला असणार. "तुम्ही सगळे एका घरचे, आणि कडेला मी, माझ्यावर एकटीवर फ्लॅश पडल्यासारखी. गणपतीत तुमच्या मैत्रिणीनं माझी हनुवटी धरून काहीतरी म्हटलं. मी याला विचारलं तर हा म्हणाला, तू गोरी आहेस असं म्हणतेय. ते मला माहीतच होतं."

मला हसू आलं, पण ती हसत नव्हती.

"सलूनमध्ये विचारलं, कुठली शेड हवी. मी तुमचा फोटो दाखवला."

"माझा?"

"तुमच्या हाताचा. फक्त लग्नापुरतं हवं होतं."

मी वाटी बेसिनवर ठेवली. जन्मात कोणी माझा रंग मागितला नव्हता. मला आनंद व्हायला हवा होता, पण आधी आला तो संताप. लग्नापुरतं! हवा तेव्हा चढवायचा आणि नको तेव्हा उतरवायचा. आणि त्या संतापाच्या खालोखाल आणखीही काहीतरी हललं. मी तिचा हात ओढून घेतला आणि घासायला लागले.

हात आपोआप फिरत होता. मनगटापासून वर, कोपरावर गोल, परत खाली. आईचाच हात. मग मी नळ सोडला आणि तिच्या दंडावरून तपकिरी पाणी वाहायला लागलं. टबाच्या पांढऱ्या तळावरून त्याची धार भोकाकडे गेली.

मी त्या धारेकडे बघतच राहिले. आई मोरीत बसून हेच पाणी शोधत होती. प्रत्येक वेळी तांब्या ओतायची आणि वाट बघायची की आज तरी पोरीचा रंग पाण्यात उतरेल. मला रडू फुटलं, चांगलं मोठ्यानं.

सून घाबरली. "मी काही चुकीचं बोलले का?"

मग मी तिला सगळं सांगितलं. मोरी, पाट, वाटी, चुरचुरणारी मान, बघायला येणारी माणसं. तिनं ते डोळे विस्फारून ऐकलं आणि शेवटी अगदी मनापासून विचारलं, "आणि मग? निघाला?"

मी आपला हात तिच्यापुढे धरला. "तूच बघ."

तिनं तो नीट निरखला. "नाही," ती गंभीरपणे म्हणाली. त्यावर आम्ही दोघी इतक्या हसलो की मुलगा बाहेरून दार वाजवायला लागला.

बराचसा रंग निघाला. टॉवेलनं हात पुसता पुसता ती म्हणाली, "सकाळी परत करून येऊ? तुम्ही सांगाल तसं." माझ्या ओठांवर 'नको, गोरीच छान दिसतेस' आलं होतं. ते मी गिळलं. "मला विचारू नकोस. तुझं अंग आहे," मी म्हटलं. हे वाक्य त्या मोरीत मला कोणी म्हटलं नव्हतं.

तिनं विचार केला आणि आहे तशी येईन म्हणाली.

दुसऱ्या दिवशी मांडवात ती पिवळ्या साडीत आली. नागपूरची मैत्रीण माझ्या कानाशी लागली. "बघ, उटण्यानं कसा रंग उजळला पोरीचा!" एवढं एक वाक्य माझ्याबद्दल ऐकायला मिळावं म्हणून माझ्या आईनं किती लिंबं पिळली होती.

"काय म्हणाल्या त्या?" सुनेनं मला हळूच विचारलं.

"तू गोरी आहेस म्हणाली."

"अजून तेच?" ती म्हणाली. मग तिनं इकडे तिकडे बघितलं आणि हिरव्या बांगड्या बोटानं वर सरकवल्या. लग्नाआधी चुडा काढायचा नसतो म्हणून तिथे आदल्या दिवशी माझा हात पोहोचला नव्हता. मनगटाभोवती तपकिरी पट्टा तसाच होता. तिनं मनगट माझ्या मनगटाला लावलं. शेड अगदी बरोबर जुळली होती.

आठवड्याभरात तोही गेला, असं तिनं फोनवर हळहळत सांगितलं. माझा आहे.